कोरा समास

माणूस नश्वर आहे, पण त्याचं हस्ताक्षर चिरंतन असतं, असं तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा थांबून, म्हणजे समोरच्यांना डोळे पुसायला वेळ मिळावा. मी तिसऱ्या रांगेत होतो. यशवंता, अध्यक्षांनी तुझं हस्ताक्षर कधी पाहिलेलं नसावं. तुझं अक्षर दुसऱ्या दिवशी तुला स्वतःलाही लागत नसे. शिवाय गेली काही वर्षं तू जे काही लिहीत होतास ते काचेवर लिहीत होतास, आणि काचेवर दोन बोटं टेकवली की ते नाहीसं होत होतं. चिरंतन गोष्टीची इतकी सोपी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

भंतेजींची वंदना होईपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग भाषणं सुरू झाली. तू कुठं शिकवलंस, कधी निवृत्त झालास, कोणकोणत्या समित्यांवर होतास हे सगळं सांगून झालं. त्यातल्या दोन समित्यांवर तू कधीच नव्हतास आणि एकीतून तुला काढलं होतं, पण ते असो. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की तुझा टॅब, 'ज्यावर आदरणीय सरांनी अखेरपर्यंत चिंतन केलं तो', मंडळाच्या वाचनकक्षात काचेच्या पेटीत ठेवण्यात येईल. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून शकुंतला वहिनींचा आवाज आला, "आन् त्याचं चार्जिंग कोण करणार?"

त्या दिवशीचा तेवढा एकच प्रश्न मला पटला.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. कारण सांगतो. माझ्या पुस्तकाची फाइल तू परत पाठवलीस, आणि तिच्या एकाही पानाच्या समासात काही लिहिलेलं नाही. एक शब्द नाही, एक फुली नाही, उद्गारचिन्ह नाही. लग्नपत्रिकेवर शेरा मारणारा माणूस, आणि माझं अख्खं पुस्तक त्यानं कोरं परत केलं. मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. परत आलेल्या पुस्तकावर संशय घेणं हेच माझं काम होतं. निवृत्तीनंतरही ते सुटलेलं नाही.

आपली ओळखच मुळात एका खोडरबरामुळे झाली. कॉलेजच्या ग्रंथालयात बाहेरचे सभासद घेत असू, त्यांत तू होतास. छावणीतल्या शाळेत शिकवणारा, सायकल भिंतीला टेकवून आत येणारा, दंडाला खडूची पूड लागलेला. कोण्या मोठ्या माणसाचं आत्मचरित्र तू परत केलंस. मी पानं चाळली. 'त्या प्रसंगी मी क्षणभरही डगमगलो नाही,' असं लेखकानं लिहिलं होतं, आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'मागचं प्रकरण पाहावे. तिथं पळून गेले होते.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

"व्हय."

"का?"

"लेखक खोटं बोलतोय."

"मग त्यांना पत्र लिहा. पुस्तकावर कशाला?"

"वारले ते. आणि पुढच्या वाचकाला कोण सांगणार, तुम्ही?"

मी ड्रॉवर उघडून खोडरबर पुढं सरकवला. माझ्याकडे नियम साधा होता : ज्यानं लिहिलं त्यानं समोरच्या टेबलावर बसून खोडायचं, मगच पुढचं पुस्तक. तू आधी खोडरबराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "तुम्ही ग्रंथपाल आहात का दरोगा?" म्हणालास. पण बसलास. पान न् पान खोडलंस, प्रत्येक शेरा खोडण्याआधी स्वतःशी एकदा वाचून, एकदोनदा हसून, आणि कण फुंकून उडवून. त्या दिवसापासून मी दरोगा झालो. माझं खरं नाव तू शेवटचं कधी घेतलंस, मला आठवत नाही.

पुढं हे इतकं नेमाचं झालं की तू आलास की शिपाई न सांगता खोडरबर काढून ठेवायचा. तुझं म्हणणं, समास हा छापणाऱ्यानं वाचणाऱ्यासाठी सोडलेला असतो. माझं म्हणणं, समास अंगठ्यासाठी सोडलेला असतो, पुस्तक धरायला. या एका मुद्द्यावर आपण ग्रंथालयात भांडलो, तुझ्या ओसरीवर भांडलो, तुझ्या लेकीच्या, सुजाताच्या लग्नात पंगतीला बसून भांडलो. वाढणारा आमटी घेऊन थांबला होता. हा वाद मिटवून जाण्याची तसदी तू घेतली नाहीस.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोललो नाही. तू खोडून निघून गेलास की मी ते पुस्तक खिडकीपाशी न्यायचो आणि उन्हात तिरकं धरायचो. पेन्सिल खोडली जाते, तिचा दाब खोडला जात नाही. तू तर इतका दाबून लिहायचास की कधीकधी पुढच्या दोन पानांवर वळ उठायचे. ते वळ मला वाचता यायचे. एका थोर पुढाऱ्याच्या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याची दीर्घ यादी होती, तिच्या खाली तुझा वळ होता : 'हे सगळं करताना घरी कधी जात?' एका कवितेच्या समीक्षेपाशी होतं : 'कविता बरी होती.' ही पुस्तकं पुन्हा फळीवर जात, आणि ती कोरी आहेत असं सगळ्यांना वाटे. माझं अर्धं वाचन तुझ्या वळांमागून झालंय. हे मी तुला सांगितलं असतं तर तू आणखी दाबून लिहिलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

मग तो टॅब आला.

सुजाता चिकलठाण्याच्या कंपनीत आहे. तिथं यंत्रांच्या नकाशांवर आता कागदाऐवजी टॅबवरच पेनानं दुरुस्त्या करतात. तिनं तुझ्यासाठी तसाच एक घेतला. तू मला फोन केलास. "ये. तुझी नोकरी गेली."

"मी निवृत्त आहे."

"तरी ये. परत एकदा जाऊ दे."

छावणीतल्या तुझ्या बैठकीत खिडकीशी बसून तू मला प्रात्यक्षिक दिलंस. एका पुस्तकाची पीडीएफ उघडलीस आणि पहिल्याच पानाच्या समासात लाल रंगात लिहिलंस : 'दरोगा आला.' तुझा चेहरा मला आजही दिसतो. इतक्या वर्षांची शिक्षा संपलेल्या माणसाचा चेहरा.

"हात टेकवला तरी उमटत नाही बघ. हे फक्त पेन ओळखतं."

"आणि पेन कोणाच्या हातात आहे ते?"

"त्याच्याशी त्याला काय करायचंय?"

"तेच म्हणतो मी. ज्याला लिहिणारा कोण ते कळत नाही, त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा?"

"कागदाला कळतं का?"

मी दुसरं विचारलं. "मूळ पुस्तक खराब झालं ना?"

"नाही. लिहिलेलं वरच्या थरावर असतं. खाली पुस्तक आहे तसंच."

"आणि वरचा थर काढला तर?"

"तर तुझ्यासारखं. कोरं."

वहिनी आतून हसल्या. तू पेन उलटा धरलास. त्याच्या मागच्या टोकाला खोडरबर असतो, असं म्हणालास. खरा नसतो, टॅबला तसा वाटतो. 'दरोगा आला' यावरून तू ते टोक फिरवलंस, शब्द गेले, आणि सवयीनं तू काचेवर फुंकर मारलीस. उडवायला काही नव्हतं. मी टॅब तुझ्या हातातून घेतला आणि खिडकीकडे तिरका धरला. तिथंही काही नव्हतं. वळ नाही, ओरखडा नाही. त्यात दोन म्हाताऱ्यांचे चेहरे तेवढे दिसत होते.

मला तेव्हापासून ते यंत्र आवडलेलं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला नवं काही झेपत नाही. तसं नव्हतं. मी संगणकावर ग्रंथालयाची सूची केली, तीही इथल्या बऱ्याच जणांच्या आधी. मला नवेपणाची भीती नाही. ज्या वस्तूवर खोडल्याची खूण राहत नाही ती वस्तू मला बेइमान वाटते, एवढंच. माणसानं आपलं मत बदलावं, जरूर बदलावं, पण आधी ते दुसरं होतं याचा कुठंतरी पुरावा असावा.

तुला असल्या शंका नव्हत्या. तू सुटलास. तुझी एकच तक्रार होती, काचेवर पेन घसरतं, कागदासारखं लागत नाही. सुजातानं त्यावर कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड चिकटवून दिला आणि ती तक्रारही संपली. मग जे जे फोनवर येईल ते तू टॅबवर घ्यायचास आणि शेरे मारून लोकांना परत पाठवायचास. कॉलनीच्या पत्रकात 'सर्व सन्माननीय रहिवाशांना' असं होतं. तू समासात विचारलंस, 'नळाला पाणी नसतानाही?' आणि ते सगळ्या गटावर टाकलंस. कोणाच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तावर लग्न लागेल असं छापलं होतं, त्याला तू लाल रंगात भलंमोठं प्रश्नचिन्ह जोडलंस. अध्यक्षांनी स्वतःच्या सत्काराचा मजकूर तुझ्याकडे तपासायला पाठवला, तेव्हा तू त्यातली सगळी विशेषणं खोडलीस. खाली नाव आणि जन्मतारीख उरली. त्यांनी तो मजकूर तसाच वाचला, विशेषणांसकट. खोडल्याचं त्यांच्या फोनवर दिसलंच नाही म्हणाले. मला तेही संशयास्पद वाटलं, पण त्या वेळी संशय यंत्रावर घ्यावा का अध्यक्षांवर, हे ठरेना.

मग तुझ्या पोटाच्या तपासणीचा अहवाल आला. इंग्रजीत होता. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, की हे निदान इतर तपासण्यांशी ताडून पाहावं. त्याच्या शेजारी तू मराठीत लिहिलंस : 'म्हणजे यांनाही खात्री नाही.' आणि ते घेऊन डॉक्टरांकडे गेलास, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी टॅब हातात घेतला, अहवाल वाचला, तुझा शेराही वाचला. ते हसले नाहीत. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "यांना विनोद कळत नाही." मला मात्र कळलं की डॉक्टरांना खात्री होती.

आता मुद्द्यावर येतो. माझं पुस्तक.

'परत आलेली पुस्तकं' असं नाव ठेवलंय. वाचक पुस्तकांत काय काय विसरून जातात, काय करून ठेवतात, याबद्दल. बसची तिकिटं, मोरपिसं, एकदा एक अख्खं गुणपत्रक. सहावं प्रकरण समासात लिहिणाऱ्यांवर आहे, म्हणजे तुझ्यावर. त्यात तुझं नाव नाही. 'एक वाचक' असं म्हटलंय, सभ्यता म्हणून. त्यात खोडरबर आहे, पंगत आहे, समास कोणासाठी हा वाद आहे. आणि शेवटच्या परिच्छेदात, तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नसतो असं एक वाक्य आहे. ते इथं पुन्हा लिहीत नाही. तू ते वाचल्याशिवाय छापायचं नाही असं मी ठरवलं होतं. छापखाना थांबला होता. तू 'नको' म्हणाला असतास तर प्रकरण काढणार होतो.

मी कागदावरची प्रत आणणार होतो. तू फोनवर म्हणालास, "नक्को. पंख्यानं उडतात. पीडीएफ टाक." मी टाकली. तेव्हा तू बैठकीतला पलंग सोडत नव्हतास. टॅब छातीवर उभा धरून वाचायचास असं वहिनी सांगत. मी वाट पाहिली. इतक्या आतुरतेनं मी कोणत्याच पुस्तकाच्या परत येण्याची वाट पाहिलेली नाही. मग एके सकाळी फाइल आली. सोबत काही संदेश नाही. मी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सहावं प्रकरण काढलं. काही नाही. शेवटच्या पानापर्यंत काही नाही. शेवटचं पान अर्धंच भरलं होतं, खालचा अर्धा भाग तर मी भिंगानं पाहिला.

मी फोन केला. "वाचलंस का?"

"परत पाठवलंय ना."

"पण काही लिहिलं नाहीस."

"स्वच्छ परत केलंय, दरोगा." तुझा आवाज लहान झाला होता. "खोडरबर लागायचा नाही."

"अरे पण वाचलंस का?"

तुला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि वहिनींनी फोन घेतला. त्याच आठवड्यात तू गेलास. हे तुझं माझं शेवटचं बोलणं. मी तुला एक साधा, हो की नाही असा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. तू वाचलंच नाहीस, अंगात त्राण नव्हतं, आणि तसं सांगायची तुला लाज वाटली, हे शक्य आहे. वाचलंस आणि ते इतकं सुमार वाटलं की आजारपणात वाईटपणा नको म्हणून गप्प बसलास, हेही शक्य आहे. पण तू कधीच कोणावर दया केलेली मला माहीत नाही, तेव्हा मलाच का? लिहिलंस आणि थर काढून पाठवलास, हे तर अगदीच शक्य आहे. मी तुझी पेन्सिल पकडली असती. काचेपुढं मी आंधळा आहे, आणि हे तुला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी तुझ्या घरी गेलो. काचेची पेटी तयार होण्याआधी जायला हवं होतं.

"जय भीम भाऊजी, बसा," वहिनी म्हणाल्या. सुजाता रजेवर होती. मी जास्त प्रस्तावना केली नाही, टॅब बघायचा आहे म्हणालो. तिनं तो उशाशी ठेवला होता. माझी फाइल उघडली. तिथंही कोरी.

"काका, बाबा लिहायचे पण यावर," सुजाता म्हणाली. "मी पाहिलंय ना. पेन हातात, चष्मा नाकावर. लिहायचे आणि खोडायचे. मी विचारलं तर म्हणाले, दरोग्याचं पुस्तक आहे, कोरंच परत गेलं पाहिजे."

ऐकून मला बरं वाटलं, आणि लगेच तिचाच संशय आला. सुजाता चांगली मुलगी आहे. बापाच्या मित्राला बरं वाटावं म्हणून ती इतकं सहज सांगू शकते.

"जुनं काढता येत नाही का? खोडलेलं?"

"फाइल उघडी असेपर्यंतच मागं जाता येतं, काका. बंद केली की गेलं."

"कुठं गेलं?"

"कुठं नाही. नाहीच ते आता."

बघ, मी हेच म्हणत होतो.

दुपारचं ऊन त्याच खिडकीतून येत होतं. मी टॅब बंद केला, उचलला, आणि जसं पुस्तक धरत असे तसा उन्हात तिरका धरला. खरं म्हणजे सवय म्हणून. आणि यशवंता, वळ होते. काचेवर नव्हते. सुजातानं चिकटवलेल्या त्या खरखरीत स्क्रीनगार्डवर होते. तू काचेवरही तसंच दाबून लिहीत होतास. उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, समास जिथं येतो तिथं, प्लास्टिक घासून पांढुरकं झालं होतं. सुजाताला दाखवलं. ती म्हणाली, "अगं बाई."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण वाचता काही येईना. एकावर एक, एकावर एक, सगळ्या शेऱ्यांचा मिळून गिचमिडा झालेला. माझ्या पुस्तकाचा समास तिथंच येत होता आणि कॉलनीच्या पत्रकाचाही, डॉक्टरांच्या अहवालाचाही. यातला कोणता वळ माझा? पुरावा होता, पण कशाचा ते कळत नव्हतं.

मग खाली पाहिलं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात, मधोमध, रेघा फार खोल होत्या. दोन उभ्या, दोन आडव्या, त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढलेल्या. आत गोळे. आत फुल्या, ठसठशीत. मी थरारलो, खोटं कशाला सांगू. तुझ्या फुल्या मला पाठ आहेत. लेखक खोटं बोलतोय असं वाटलं की तू अशीच फुली मारायचास.

वहिनी चहा घेऊन आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "त्ये व्हय? त्ये आमचं हाय."

"तुमचं?"

"फुलीगोळा. दुपारची झोप लागायची नाय त्येंना. पोटात दुखायचं. मग मी बसायची शेजारी, आमी खेळायचो. लई वेळ."

"कशावर?"

"तुमच्याच पुस्तकावर की. शेवटचं पान अर्दं मोकळं होतं. ते म्हणले, दरोग्यानं इतकी जागा सोडलीय, वाया कशाला घालवायची."

सुजाता तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी चहा घेतला. शेवटच्या पानावर जायला पुस्तक वाचावं लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. अर्धे वाचक तिथूनच सुरुवात करतात. म्हणून विचारलं, "वहिनी, तिथपर्यंत तो वाचत आला होता का हो? का नुसतं पान काढलं?"

"आता ते मला काय म्हाईत? मी माझ्या फुल्या बगू का त्येंचं वाचणं?" त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "रागावले होते पण तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"व्हय तर. म्हणले, सगळं माझंच लिवलंय बेट्यानं, आन् नाव घातलं नाय. एक वाचक म्हणे. मी काय चोरी केली का काय, म्हणले. मी म्हणलं, तुमी सांगा त्येंला. तर म्हणले, नक्को, त्येला कळाया पायजे."

मी पेला खाली ठेवला. शकुंतला वहिनींनी माझं पुस्तक वाचलेलं नाही. सुजातानंही नाही, मी तिथल्या तिथं विचारून घेतलं. 'एक वाचक' हे शब्द सहाव्या प्रकरणाबाहेर कुठं नाहीत. ते या घरात एकाच माणसाच्या तोंडून येऊ शकत होते. इतक्या संशयानंतर मला असं काहीतरी मिळालं ज्यावर संशय घ्यायला जागा नव्हती, आणि तो तुझा मला मिळालेला शेवटचा शेरा. नेहमीसारखा तक्रारीचा. नेहमीसारखा बरोबर.

ते शेवटच्या परिच्छेदातलं वाक्यही मग तू वाचलं असणार. त्याबद्दल तू वहिनींना काही बोलला नाहीस. मीही विचारलं नाही.

छापखान्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. सहाव्या प्रकरणात जिथं जिथं 'एक वाचक' आहे तिथं नाव घाला म्हणून सांगितलं. यशवंत, पुढं काही नको, सर नको, आदरणीय तर नकोच. छापखानेवाला म्हणाला, "घालतो. आणि साहेब, शेवटी अर्धं पान रिकामं जातंय. तुमचा फोटो आणि परिचय टाकू का? चांगलं दिसतं."

"नको. रिकामंच राहू द्या."

"काहीतरी पाहिजे हो तिथं. लोक म्हणतील छपाई चुकली."

"म्हणू द्या."

समास कोणासाठी, हा वाद माझ्याकडून मिटलेला नाही, हे लक्षात ठेव. अर्धं पान म्हणजे समास नव्हे.

टॅब पेटीत जाणार नाही. वहिनींनी अध्यक्षांना कळवलंय की त्यावर भाचीचं लग्न बघायचं आहे. स्क्रीनगार्ड मात्र सुजाता मला काढून देणार होती. मी नको म्हणालो. माझ्याकडे तो ठेवायला फळी नाही, आणि सूचीत त्याची नोंद कशाखाली करावी हेही कळत नाही.

त्या दिवशी निघताना चपला घालता घालता एक शेवटची शंका मी वहिनींना विचारलीच. इतका खेळ त्या पानावर झाला, मग फाइल माझ्याकडे इतकी स्वच्छ कशी आली? मला वाटलं होतं, इथं तरी तुझ्या मनातलं काही कळेल. माझ्या खोडरबराची आठवण, ग्रंथालयाचा मान, असं काहीतरी.

वहिनी म्हणाल्या, "हरले का खोडून टाकायचे. एकदा बी जितले नाय."